मिक्सर सर्व्हिसिंगच्या नावाखाली माझे ३७,७०० रुपये गेले

साउंडच्या धंद्यात असाल तर हे वाचाच. लिहायला लाज वाटते, कारण १९ वर्षं मी साउंडच्या मिक्सरमागे बसतोय आणि तरी फसलो.

२०२५ च्या जूनमध्ये २४ चॅनलचा जुना ॲनालॉग मिक्सर ५८,००० ला घेतला. ॲलन अँड हीथ कंपनीचा जीएल२४००. आवाज सुरेख, पण आठ-दहा फेडर (चॅनलचा आवाज कमी-जास्त करायची सरकती बटणं) खरखरायचे, १४ नंबरचा चॅनल मधूनच बसायचा आणि मास्टरला, म्हणजे शेवटी बाहेर पडणाऱ्या एकत्र आवाजाला, बारीक हम, घुमल्यासारखा आवाज होता. जुन्या मालाला हे असतंच. सांगलीत एवढं काम घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून पुण्यातल्या एकाकडे नेला. त्याचे व्हिडिओ पाहिले होते, ओळखीच्या दोघांनी त्याचं नाव सुचवलं होतं. म्हणजे मी डोळे झाकून गेलो नव्हतो.

त्याने मिक्सर ऑन करूनही पाहिला नाही. कुठल्या चॅनलला काय होतंय, हे एका शब्दाने विचारलं नाही. "दादा, टेन्शन नका घेऊ, शोरूम पीस करून देतो," म्हणाला आणि १२,००० ॲडव्हान्स घेतले. दोष न विचारता जो पैसे मागतो, त्याच्या दुकानातून मिक्सर उचलून परत निघा.

बारा दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. उघडलेला मिक्सर, रांगेने नवे कपॅसिटर, शेजारी फेडरचा ढीग. खाली मेसेज : "२४ फेडर, सगळे कपॅसिटर बदलले, १८,५०० पाठवा." इथेच मी थांबायला हवं होतं. माझ्या मिक्सरच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात उदबत्तीचा चटका आहे, तांदळाएवढा, तिथला रंग जळून पत्रा दिसतो. फोटोत तोच कोपरा स्वच्छ दिसत होता आणि चटका नव्हता. मी दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. दोनदा पाहिला. आणि म्हटलं, पॉलिश केलं असेल. जळालेला रंग पॉलिशने परत येत नाही, हे मला कळत नाही का? कळतं! पण २७ ऑगस्टला गणपती, दहा दिवसांची सुपारी घेतलेली, हाताशी दुसरा मिक्सर नाही. माझ्या जागी कुणीही पैसे पाठवले असते. मी पाठवले.

१९ ऑगस्टला मिक्सर आणायला गेलो. पत्रा चकचकीत, नॉब धुतलेले, आणि चटका जागच्या जागी. तरी उरलेले ७,२०० रोख दिले आणि बिलही मागितलं नाही. फेडर लोण्यासारखे सरकत होते, आतून रॉकेलसारखा वास येत होता. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारला होता त्याने. अशा स्प्रेने फेडर चार दिवस मऊ चालतो, मग आतलं मूळ ग्रीस धुऊन जातं, तेलावर धूळ बसते आणि खरखर आधीपेक्षा वाढते. खरं काम म्हणजे फेडर खोलायचा, आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसायचा, फेडरचंच ग्रीस लावायचं. वेळ लागतो त्याला. वास आला की तिथेच खालचा पत्रा उघडायला लावा.

चौथ्या रात्री ऑर्केस्ट्रा चालू असताना नऊ चॅनल गेले. मंडळाने १५,००० कापले. उरलेले सहा दिवस भाड्याचा मिक्सर, रोजचे ४,५००. म्हणजे आणखी २७,०००.

विसर्जनानंतर इचलकरंजीच्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी पत्रा काढला. कपॅसिटरच्या डोक्यावर धुळीची टोपी तशीच होती. सोल्डरचा एकही टाका नवा नव्हता. बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून मागून घ्या, मी मागितले असते तर तो तिथेच पकडला गेला असता.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "काम करून दिलंय ना त्याने? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." फोटो दाखवला तर म्हणे, हा तुमचा मिक्सर नाही हे कशावरून? अहो, तेच तर सांगतोय! दुसऱ्या दिवशी म्हणाले, घटना पुण्याची, तिकडे जा. पुण्यात म्हणाले, पैसे सांगलीतून पाठवलेत, तिकडे द्या. एसटीच्या तीन फेऱ्या झाल्या, अर्जावर साधा पोच शिक्का मिळेना. खोट्या फोटोवर पैसे काढणं म्हणजे फसवणूक नाही, तर काय आहे? ग्राहक आयोगात गेलो, तर खिडकीवरूनच "धंद्याची वस्तू, इथे बसत नाही" म्हणून परत पाठवलं. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे, हे मला एका वकिलाकडून कळलं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक नसावं? तुम्हाला कुणी असं परत पाठवलं तर नकार लेखी मागा. मी तक्रार दाखल करून आलोय.

मिक्सर द्यायच्या आधी एकेका चॅनलचा व्हिडिओ काढा, फेडर हलवताना आवाजासकट.

आणि एक. त्या फोटोतला मिक्सर कुणाचा तरी आहे. तिसऱ्या चॅनलचा गेनचा नॉब नाही, उजवीकडे पांढऱ्या टेपवर पेनाने "तबला" लिहिलंय. ज्याचा असेल त्याने मला कळवावं. त्याच्या एका जबाबावर माझी केस उभी राहील.