फोनवर दिसणारी माझी साइट माझी नव्हतीच

एका वाचकाचा मेल आला. तुमच्या साइटवरच्या तक्त्यात त्या घड्याळाच्या मशीनचे ठोके तासाला १८,००० दिलेत, ते २१,६०० हवेत. मी चक्रावलो. हीच चूक आधी दुसऱ्या कुणीतरी दाखवली होती आणि चार महिन्यांपूर्वी मी ती सुधारलीही होती. लॅपटॉपवर पान उघडलं, २१,६००. तसं कळवलं, तर त्याने फोनचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात १८,०००. तुमच्या फोनमध्ये जुनं पान साठून राहिलं असेल, कॅशे साफ करा, असं वर त्यालाच शिकवलं मी! मग स्वतःच्या फोनवर उघडलं. १८,०००.

तेव्हा कुठे वरच्या पट्टीतला पत्ता वाचला. माझ्या साइटचं नाव त्यात होतं, पण सुरुवातीला, एका ठिपक्याच्या अलीकडे. पलीकडे डोमेन होतं ते दुसऱ्याच कंपनीचं. फोनवर पट्टीत पत्त्याचा तुकडाच दिसतो, आणि आपल्याच साइटचा पत्ता मुद्दाम वाचतो कोण?

जुन्या मनगटी घड्याळांच्या मशीनची माहिती देणारी ही साइट मी हौसेनं उभी केली. रुंदी ९६० पिक्सेलला बांधलेली, आठ-आठ रकान्यांचे तक्ते. फोनवर मुंगीएवढी अक्षरं. हे करायला हवं, हे मला कळत होतं, पण आज करू, उद्या करू यात वर्षं गेली. अशा माणसाला गाठणं सोपं असतं.

२०२४ मध्ये एका कंपनीचा मेल आला की तुमची साइट मोबाइलला योग्य नाही, म्हणून गुगलच्या शोधातून लवकरच काढली जाईल. यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच ते गळी उतरलं. २१ एप्रिल २०१५ पासून गुगलने फोनवरच्या शोधात मोबाइलला सोयीच्या पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली हे खरं. पुढे गुगल फोनवर दिसणारं पानच मुख्य धरून नोंद करू लागलं, हेही खरं. पण अक्षरं बारीक आहेत म्हणून कुणाची साइट शोधातून उडवत नाहीत. फार तर यादीत खाली जाते.

मग त्यांच्याशी फोन झाला. बोलणारा माणूस गोड होता. साइटला हात न लावता दोन दिवसांत मोबाइल आवृत्ती देतो, आमचं स्वतःचं तंत्रज्ञान आहे, म्हणाला. सुरुवातीला एक रक्कम, पुढे दरमहा शुल्क. होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तिथला, पासवर्ड मागितला, मी दिला. (हे लिहिताना आजही लाज वाटते.) तिसऱ्या दिवशी फोनवर साइट झक्क दिसत होती. सोबत 'प्रमाणपत्र' आलं. गुगलच्या मोबाइल-फ्रेंडली टेस्टचा स्क्रीनशॉट, हिरवी खूण आणि त्याच आठवड्याची तारीख. गुगलने ते साधन डिसेंबर २०२३ मध्येच बंद केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे ते प्रमाणपत्र चित्र रंगवावं तसं रंगवलेलं होतं.

त्यांनी प्रत्यक्षात काय केलं होतं, ते स्क्रीनशॉट आल्यावर माझ्या पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला तेव्हा दिसलं. अगदी वरच्या भागात एक छोटी स्क्रिप्ट. येणाऱ्याच्या ब्राउझरच्या ओळखीत 'अँड्रॉइड' किंवा 'आयफोन' सापडलं की त्याला सरळ त्यांच्या पत्त्यावर ढकलायचं. बस्स. तिथे माझ्या पानांची एकदा काढलेली नक्कल ठेवलेली. तीही पूर्ण नाही, लांबलचक तक्ते गाळलेले. मी मूळ साइटवर केलेल्या दुरुस्त्या तिकडे कधी पोचल्याच नाहीत. आणि कॅनॉनिकल टॅग, म्हणजे या मजकुराचं खरं घर कोणतं हे शोधयंत्राला सांगणारी खूण, तीही त्यांच्याच पत्त्याकडे बोट दाखवत होती. माझ्याच मजकुराचा मी भाडेकरू.

संपर्काचा फॉर्मही त्यांच्याकडे जात होता. गेले काही महिने कुणी काही विचारत कसं नाही, याचं मला नवल वाटत होतंच.

शुल्क थांबवतो म्हणताच गोडवा संपला. कोड आमचा आहे, काढलात तर करारभंग होईल, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवसापासून फोनवरून येणाऱ्या प्रत्येकाला 'मालकाने थकबाकी न भरल्याने सेवा स्थगित' अशी पाटी दिसू लागली. ती स्क्रिप्ट मी काढून टाकली, पासवर्ड बदलले. बदलताना सापडलं की साइटच्या प्रशासकांच्या यादीत एक अनोळखी नाव बसलं होतं. ते राहिलं असतं तर स्क्रिप्ट परत आली असती.

मग जे आधीच करायला हवं होतं ते एका जाणत्या मैत्रिणीला शेजारी बसवून केलं. ती आधी हसली. म्हणाली, यात कुणाचं 'स्वतःचं तंत्रज्ञान' नाही. पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाची मांडणी बदलण्याच्या या कामाला वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं, आणि तेव्हापासून ते सगळ्यांसाठी उघडं आहे. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीएवढं मांड असं फोनला सांगणारी ओळ, नसला तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरतो आणि आक्रसून दाखवतो, माझ्या मुंगीएवढ्या अक्षरांचं मूळ हे. तो टॅग घातला. बांधलेली रुंदी काढून कमाल रुंदी दिली, चित्रांना शंभर टक्क्यांची मर्यादा घातली, बाजूची पट्टी मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारी अट, लावून अरुंद पडद्यावर खाली नेली. तक्त्यांवर मात्र दोन संध्याकाळ गेल्या. आठ रकाने फोनवर मावत नाहीत ते नाहीतच. शेवटी तक्त्यापुरतं आडवं सरकवता येईल असं केलं. देखणं नाही, पण एकही आकडा गाळलेला नाही.

तिने एक गंमत दाखवली. लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी कडेने धरून अरुंद करत न्यायची. खऱ्या कामात मजकूर डोळ्यांदेखत नवी मांडणी घेतो. त्यांच्या 'मोबाइल आवृत्ती'त लॅपटॉपवर काहीच हललं नसतं, कारण स्क्रिप्ट पडद्याची रुंदी बघतच नव्हती, ब्राउझरचं नाव बघत होती. दहा सेकंदांचं काम. त्याआधी मूळ पानातला एखादा शब्द बदलून तो फोनवर बदलतो का, एवढं जरी पाहिलं असतं, तरी पहिल्याच आठवड्यात सगळं उघडं पडलं असतं.

नक्कल काढून टाका म्हणून त्यांच्या होस्टिंग कंपनीला आणि गुगलला कॉपीराइटची तक्रार दिली आहे. त्या वाचकालाही सगळं कळवलं आणि कॅशेबद्दल माफी मागितली. काल फोनवर शोधून पाहिलं. माझं पान वर आलंय, पण चार ओळी खाली ती नक्कल आहेच. तिच्यात ठोके अजून १८,०००.