सातारा-पुणे ये-जा करायला मॅकबुक एअर का थिंकपॅड?

आठवड्यातनं तीनदा सातारा-स्वारगेट एसटी आहे, त्यामुळं मी वजन आणि बॅटरीच आधी बघते. मॅकबुक एअर एम३, १३ इंची, १.२४ किलो, आत फॅनच नाही, येताना खंबाटकी चढेपर्यंत मांडीवर एक्सेल चालू असतं तरी आवाज म्हणून नाही आणि चार्जर घरी राहिला तरी दिवस निघतो. पण मॅगसेफ, म्हणजे चार्जिंगचं पोर्ट, सोडलं तर दोनच टाईप-सी पोर्ट, प्रोजेक्टरला जोडायचं तर डोंगल (मधला छोटा अडॅप्टर) पाहिजेच.

थिंकपॅड एक्स१ कार्बन जेन १२ साधारण १.१ किलो, स्क्रीन १४ इंची, एचडीएमआय आणि जुना यूएसबी अंगातच, कीबोर्ड तर लई भारी. बॅटरी मात्र एअरएवढी पुरत नाही, किंमतही जास्त. टॅलीवर काम असेल तर विंडोजच लागतं, मग थिंकपॅडच घ्या. माझं एक्सेल-ब्राऊझरवर भागतं, मी एअर घेतला.