चिखल्यांवरचे ‘दोन दिवसांत गुण’ देणारे मलम : फसवणूक होते ती अशी

पाऊस लागला की गोव्यात चिखल्यांच्या, म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्यांतल्या बुरशीच्या, मलमांचा खप वाढतो. शेतात गमबूट, जेटीवर रबरी बूट, शाळेला ओले मोजे. करंगळीच्या बेचक्यात खाज सुटते, कातडी पांढरी पडून सोलते. अशा वेळी बाजारात कोणी बिनालेबलाची डबी ‘गावठी झाडपाल्याचे, दोन दिवसांत गुण’ म्हणून विकतो, तर एखादी फार्मसी चिठ्ठी न मागताच ट्यूब हातात ठेवते. ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड, म्हणजे लाली-खाज दाबणारे औषध, असते. डबीत काय आहे ते कळायला मार्गच नाही. पण गुण खरोखर दोन दिवसांत आला, तर तिच्यातही स्टेरॉइडचा संशय घ्यावा.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही सगळी स्टेरॉइडे. बुरशी मारणारे यांत एकही नाही. सोबत बुरशीनाशक असले तरी फसू नका. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, माणसाला खरेच बरे वाटते आणि तो शेजाऱ्यालाही तेच मलम सुचवतो. इकडे त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी पसरत राहते. मलम थांबवले की खाज पुन्हा उसळते, की परत तेच मलम! पुढे बुरशी तळव्यावर, नखांत, जांघेत जाते. जांघेत मलम चोळत राहिल्यास कातडी पातळ होऊन पडलेले वळ कायमचे राहतात. अंगावर पसरलेल्या बुरशीची, म्हणजे गजकर्णाची, गोल कडा पुसट झाल्याने डॉक्टरांनाही रोग ओळखणे जड जाते.

केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीखाली आणली. चिठ्ठीशिवाय ती विकणे बेकायदा आहे. आयुर्वेदिक मलमावरही घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि उत्पादकाचा पत्ता असावाच लागतो.

साध्या चिखल्यांना नुसते बुरशीनाशक मलम, क्लोट्रिमॅझोल 1 टक्का, दिवसातून दोनदा, सुमारे 4 आठवडे. पाय धुऊन बेचके पूर्ण कोरडे करा, मग डागाच्या कडेबाहेर दोन बोटे जागेपर्यंत पातळ थर लावा. खाज आठवड्याभरात कमी होते, बुरशी तेवढ्यात मरत नाही. लोक इथेच औषध सोडतात. मोजे रोज बदला, बूट एक दिवसाआड वाळू द्या. नख पिवळे, जाड झाले असेल तर ‘आठवड्यात नख साफ’ करणारी तेले घेऊ नका: पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. आधी नखाची खरवड केओएच तपासणीला (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायला) द्या, गोळ्या त्यानंतर आणि डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

मधुमेह असेल तर घरी प्रयोग नकोत. चिखल्यांच्या भेगांतून जिवाणू शिरतात; पाय लाल, गरम, सुजलेला दिसला किंवा ताप आला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

संशयास्पद मलम आधीच लावून झाले असेल तर ते घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. डबी, ट्यूब, बिल फेकू नका. बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच पुरावा लागतो.