सीआरएमला कॅलेंडर जोडताना: अ‍ॅड-इन, सर्व्हर सिंक की स्वतःचा कोड?

मीटिंगा मेल सर्व्हरच्या कॅलेंडरमध्ये आणि ग्राहकाची नोंद सीआरएममध्ये (ग्राहकांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर), ही ओढाताण मिटवायचे तीन रस्ते आहेत. आयसीएस लिंक (कॅलेंडर दुसरीकडे दाखवणारा दुवा) हा चौथा धरायला नको. ती एकतर्फी असते, ताजी व्हायला कित्येकदा काही तास घेते, त्यामुळे फक्त बघण्यापुरती ठीक.

अ‍ॅड-इन, म्हणजे आउटलुकसारख्या मेल अ‍ॅपला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, सगळ्यात सोपं. मीटिंग उघडायची, बटण दाबायचं, ती डीलखाली नोंदली जाते. खासगी भेटी आपोआप बाहेर राहतात. पण बटण दाबायचं राहिलं की नोंदही राहिली, आणि फोनवरून ठरवलेल्या मीटिंगा हमखास सुटतात. जुन्या तंत्राचं ‘कॉम’ अ‍ॅड-इन कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. विंडोजच्या नव्या आउटलुकमध्ये ते चालत नाही, वेब अ‍ॅड-इनच लागतं. टीम चार-पाच जणांची आणि शिस्तीची असेल तर एवढ्यावर भागतं.

सर्व्हर सिंकमध्ये सीआरएम थेट मेल सर्व्हरशी बोलतं, वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही. इथे खरा प्रश्न परवानगीचा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कॅलेंडर वाचण्या-लिहिण्याची अ‍ॅप्लिकेशन परमिशन दिली की कंपनीतल्या प्रत्येकाचं कॅलेंडर त्या अ‍ॅपला खुलं होतं, एमडींचंसुद्धा. म्हणून एक्स्चेंजमध्ये (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) ती परवानगी सेल्सच्या ग्रुपपुरती बांधून घ्या. विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: जोडणी मायक्रोसॉफ्टच्या नव्या ग्राफ एपीआयवर आहे की जुन्या ईडब्ल्यूएसवर (एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस)? एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये ऑक्टोबर २०२६ पासून ईडब्ल्यूएस बंद करायला सुरुवात होणार, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर करार पुढे ढकललेला बरा.

स्वतःचा कोड लिहायला दोन आठवडे पुरतील असं वाटतं, पण निस्तरत बसावं लागतं नंतर. ग्राफचं इव्हेंट सबस्क्रिप्शन (कॅलेंडरमधला बदल कळवण्यासाठीची नोंदणी) जास्तीत जास्त १०,०८० मिनिटं, म्हणजे सात दिवस टिकतं. नूतनीकरणाचा जॉब बंद पडला की सूचना गुपचूप थांबतात, एररही दिसत नाही. गुगलचं सिंक टोकन (मागच्या वेळी कुठवर ओढलं याची खूण) बाद झालं की ४१० हा एरर येतो, तेव्हा साठवलेलं पुसून सगळं पहिल्यापासून ओढायचं. ओळख जुळवतानाही फसगत होते. गुगलमध्ये आवर्ती मालिकेतल्या सगळ्या भेटींचा आयकॅल यूआयडी (भेटीची ओळख सांगणारा क्रमांक) एकच असतो, ग्राफच्या त्याच नावाच्या फील्डमध्ये मात्र प्रत्येक भेटीचा वेगळा. त्यावरच विसंबलेला कोड गुगलवर आला की दर सोमवारची बैठक वर्षभरात एकच नोंद बनून बसते. सीआरएममध्ये तुमच्या गरजा खरोखर वेगळ्या असतील आणि हे सांभाळायला कायमचा माणूस असेल, तरच या वाटेला जा.

रस्ता दुसरा असो वा तिसरा, दुतर्फी सिंकमध्ये चकरा लागतात: सीआरएमने लिहिलं, कॅलेंडरने बदल कळवला, सीआरएमने तो पुन्हा लिहिला. शेवटी लिहिलेल्या आवृत्तीचा ईटॅग (सर्व्हरने दिलेली त्या आवृत्तीची खूण) जपून ठेवा आणि तोच परत आला तर सोडून द्या. पूर्ण दिवसाची भेट यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीची वेळ म्हणून साठवली तर अमेरिकेतल्या माणसाला ती आदल्या दिवशी दिसते. अशा भेटींना वेळ नको, नुसती तारीख ठेवा.

सगळ्यात महागात पडतं ते पहिलं भरणं. सीआरएममधल्या जुन्या मीटिंगा निमंत्रितांसकट कॅलेंडरमध्ये ढकलल्या की ग्राहकांना निमंत्रणांचे मेल जातात. गुगलमध्ये मेल जाऊ नयेत म्हणून ‘सेंडअपडेट्स’ या पर्यायाला ‘नन’ देता येतं. ग्राफमध्ये निमंत्रितांचं फील्ड रिकामं ठेवून नावं मजकुरात घाला, किंवा पहिल्या फेरीत फक्त कॅलेंडरकडून सीआरएमकडे माहिती आणा. आधी दोन चाचणी मेलबॉक्सवर आवर्ती मालिकेतली एकच भेट हलवा, दुसरी रद्द करा, आणि बाहेरच्या पत्त्यावर मेल गेला का ते बघा.