समुद्राच्या तळावरच्या ज्वालामुखीचा लाईव्ह कॅमेरा: दोन वर्षं बघितल्यावरचा रिव्ह्यू

दोन वर्षं झाली नियमित बघतोय त्यामुळे आता मनापासून लिहितो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने पॅसिफिक महासागराच्या तळाशी केबल टाकून एका जिवंत ज्वालामुखीवर कॅमेरा आणि सेन्सर बसवलेत, आणि ते वेबसाईटवर जगात कुणालाही फुकट बघता येतं. व्हिडिओ बघायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. मी भूगोल शिकवतो, नववीच्या पोरांना ज्वालामुखी फळ्यावर काढून दाखवण्यात इतकी वर्षं गेली, म्हणून ही सोय माझ्यासाठी काय आहे हे शब्दात सांगणं अवघड आहे.

ज्वालामुखीचं नाव अ‍ॅक्सियल सीमाउंट. ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून साधारण 480 किलोमीटर आत, हुआन दे फुका रिजवर, म्हणजे समुद्राचा तळ दोन्ही बाजूंना सरकतो आणि मधल्या भेगेतून नवीन दगड वर येतो त्या रेषेवर. याचा माथाच मुळात 1,400 मीटर पाण्याखाली आहे. माथ्यावर मोठा खोलगट भाग आहे त्याला कॅल्डेरा म्हणतात, त्यात अ‍ॅशेस नावाच्या भागात गरम पाण्याचे झरे आहेत आणि तिथल्या मशरूम नावाच्या चिमणीवर, म्हणजे गरम पाण्यातले क्षार साठून झालेल्या धुराड्यासारख्या मनोऱ्यावर, कॅमेरा रोखलेला असतो. उंची चारेक मीटर, आमच्या गावच्या देवळापुढची दीपमाळ असते ना तेवढी, आणि अंगावर तशीच उंचसखल.

दर तीन तासांनी 14 मिनिटं लाईट लागतात आणि चित्र येतं. मी बघत आलोय त्या वेळा आपल्याकडे सकाळी साडेआठ, साडेअकरा, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेआठ अशा पडतात. बाकी वेळ तिथे मिट्ट काळोख, सूर्याचा उजेड इतक्या खाली पोचतच नाही. कॅमेरा आधी अख्खी चिमणी दाखवतो, मग ठरलेल्या क्रमाने एकेका जागी झूम करत जातो, आणि रोज तोच क्रम असल्यामुळे काल इथे पांढरा थर नव्हता आज आलाय असं आपल्याला लगेच कळायला लागतं. चिमणीच्या कडेने पाणी असं थरथरतं, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते अगदी तसं, आणि त्या थरथरीच्या काठाकाठाने जीव बसलेले असतात. लाल तुऱ्यांचे नळीतले किडे, ताडाच्या झाडासारखं डोकं असलेले पाम वर्म, शेकड्याने चिकटलेल्या बारीक टोपीसारख्या गोगलगायी. या सगळ्यांचं पोट उन्हावर चालत नाही, दगडातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाईडवर बॅक्टेरिया जगतात आणि त्या बॅक्टेरियांवर हे. माझी आई पहिल्यांदा बघताना म्हणाली, अरे चुलीपाशी बसलेत सगळे. मला तर याहून नेमकं वर्णन अजून सुचलेलं नाही.

वर्गात दाखवलं तेव्हा एका मुलीने विचारलं, सर असल्या झऱ्यांचं पाणी अडीचशे डिग्रीच्या वर असतं तर उकळत कसं नाही? घरचा कुकर आठवा म्हणलं. कुकरमध्ये दाब साधारण दुप्पट होतो म्हणून पाणी 100 च्या ऐवजी 120 डिग्रीच्या आसपास उकळतं, इथे डोक्यावर दीड किलोमीटर पाणी, दाब दीडशे पट. वर्ग एकदम शांत झाला. असा क्षण मला पुस्तकातून कधी मिळाला नव्हता.

पण खरं सांगू का, व्हिडिओमुळे माणूस येतो आणि ग्राफमुळे थांबतो. त्याच वेबसाईटवर तळावरच्या दाबाची मोजणी बघायला मिळते. खालून मॅग्मा, म्हणजे वितळलेला दगड, भरत गेला की अख्खा तळ फुगतो, तळ वर आला की डोक्यावरचं पाणी तेवढं कमी होतं आणि दाब उतरतो, त्यावरून तळ किती सेंटीमीटर उचलला ते कळतं. सुरुवातीला मला काहीच समजत नव्हतं कारण नुसता दाब बघितला तर भरती-ओहोटीच्याच लाटा दिसतात, त्या काढून टाकलेला ग्राफ वेगळा असतो तो शोधा. जोडीला रोजच्या भूकंपांची मोजणी आहे, कधी शेकड्यांत जाते.

आता हे इतकं महत्त्वाचं का, तर हा ज्वालामुखी 1998, 2011 आणि 2015 असा तीनदा शास्त्रज्ञांच्या डोळ्यादेखत फुटलाय, डोळ्यादेखत म्हणजे यंत्रांच्या. 1998 ला तळावर ठेवलेलं एक यंत्र चक्क लाव्हात सापडलं, खालून लाव्हा भरत गेला तसं तीनेक मीटर वर उचललं गेलं आणि लाव्हा ओसरल्यावर परत खाली बसलं, पाय दगडात रुतलेले, पण आतली नोंद शाबूत, आणि पुढच्या वर्षी ते सोडवून वर आणलं. 2011 चा उद्रेक एप्रिलमध्ये झाला आणि कळला थेट जुलैमध्ये, जहाज तिथे गेलं आणि ओळखीचा तळ नवीन काळ्या दगडाखाली गेलेला दिसला तेव्हा. केबल 2014 ला आली. पुढच्याच वर्षी 24 एप्रिलला एका दिवसात सुमारे 8,000 भूकंप, तळ 2.4 मीटर खचला, पाण्याखालच्या माईकवर लाव्हाच्या स्फोटांचे हजारो आवाज, आणि हे सगळं किनाऱ्यावर बसून त्याच क्षणी दिसत होतं! उत्तरेकडे एके ठिकाणी लाव्हाचा थर 127 मीटर जाडीचा झाला. या ज्वालामुखीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ बिल चॅडविक आणि स्कॉट नूनर यांनी 2014 मध्येच सांगून ठेवलं होतं की 2015 ला फुटेल.

त्यानंतर परत फुगायला लागलाय आणि 2015 ला जेवढा खचला होता ते बहुतेक सगळं भरून आलंय. 2024 च्या शेवटी चॅडविक यांनी 2025 संपायच्या आत फुटेल असं जाहीर केलं, पुढे फुगण्याचा वेग मंदावला तेव्हा अंदाज पुढे ढकलला, आणि तेही सगळ्यांसमोर, कारणासकट. या सेवेबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यासाठी. मी पोरांना हेच दाखवलं की अंदाज बदलायची लाज नसते, आकडे लपवायची असते. आता वर्गाच्या भिंतीवर आम्ही कागद चिकटवलाय, दर सोमवारी एक जण ग्राफ बघून त्यावर टिंब काढतो आणि त्यासाठी भांडणं होतात.

कमी काय आहे तेही सांगतो. कॉमेंट्री नाही, माहिती सगळी इंग्रजीत, आणि मराठी माध्यमाच्या पोरांना शिक्षकाने शेजारी बसून सांगितल्याशिवाय निम्मं कळणार नाही. उन्हाळ्यात जहाज जाऊन रोबोट खाली सोडून यंत्रं साफ करतात, बदलतात, त्या काळात चित्राचा भरवसा धरू नका. आमचं नेट मधेच अडकतं तेव्हा 14 मिनिटांतली चार तशीच जातात, पण त्याला ते बिचारे काय करणार.

आपल्या लोकांनी हे बघावं असं मला फार वाटतं, कारण तो ज्वालामुखी ज्या दगडाचा आहे तो बेसाल्ट आहे, आपला काळा फत्तर, ज्यात सह्याद्री उभा आहे, अजिंठा-वेरूळ कोरलंय. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, तिथला 2015 ला. आणि गोव्याच्या वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने चेन्नईच्या संस्थेबरोबर डिसेंबर 2024 मध्ये हिंदी महासागरात 4,500 मीटरवर असाच जिवंत झरा टिपलाय, तेव्हा हे काही आता फक्त अमेरिकेचं राहिलेलं नाही.

5 पैकी 5 देतो. बघणार असाल तर पाच मिनिटं आधी पेज उघडून ठेवा, मोबाईलपेक्षा मोठ्या स्क्रीनवर लावा आणि खोलीतला दिवा बंद करा. पहिले काही सेकंद सगळं काळं असलं तर घाबरून बंद करू नका, लाईट लागायचे असतात.