तेझे येथील आठ दिवस: एका मुक्कामाचा अभिप्राय

फ्रान्सच्या बर्गंडी भागात, क्लुनीजवळ, तेझे नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ख्रिस्ती बंधूंच्या समुदायात रविवार ते रविवार असा मुक्काम करून मी नुकताच परतलो. जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या मराठी प्रोटेस्टंटाला तेथे जाण्याचा आग्रह एका कॅथलिक सहकाऱ्याने केला होता, यावरूनच त्या जागेची निम्मी ओळख पटावी.

एका स्विस पाळकाचा, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरूचा, मुलगा असलेले बंधू रॉजे १९४० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, येथे एकटेच येऊन राहिले आणि युद्धकाळात त्यांनी ज्यूंसह अनेक निर्वासितांना आसरा दिला. १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात बंधूंनी आजन्म एकत्र राहण्याची प्रतिज्ञा घेतली. आरंभी सारे प्रोटेस्टंट होते. पुढे कॅथलिक बंधूही त्यांत सामील झाले. हे बंधू स्वतःसाठी देणग्या स्वीकारत नाहीत आणि मातीची भांडी घडवून व अन्य कामे करून आपला चरितार्थ चालवतात. पाहुण्यांकडून घेतले जाणारे शुल्कही वय आणि देश पाहून ठरवलेले असते.

दिवस तीन प्रार्थनांभोवती फिरतो. ‘मेलमिलापाचे मंदिर’ या नावाच्या तेथील चर्चमध्ये खुर्च्या जवळजवळ नाहीतच. सर्वजण जमिनीवर बसतात आणि पांढऱ्या झग्यांतील बंधू मधोमध, हिरव्या झुडपांच्या ओळींच्या आत, गुडघे टेकतात. प्रवचन नसते. एकेका ओळीचे गीत लॅटिन, स्पॅनिश, पोलिश अशा भाषांतून पुन्हा पुन्हा गाइले जाते. पहिल्या दिवशी मला त्याचा कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी मात्र आळंदीच्या वाटेवर ऐकलेला नामाचा गजर आठवला आणि आवर्तनाचे प्रयोजन आपोआप उमगले. बायबलच्या वाचनानंतर आठ-दहा मिनिटांचे मौन असते. शेकडो तरुण, त्यांतले कित्येक जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे, तेवढा वेळ हलत नाहीत, आणि त्यांना कोणी दटावतही नाही.

माझ्या एका जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवा माणूस आला की पहिल्याच रविवारी त्याच्या हाती माहितीचा फॉर्म पडे आणि तिसऱ्या रविवारी तो दिसेनासा होई. येथे मला कोणीही माझा पंथ विचारला नाही. विचारले ते एवढेच, की जेवण वाढण्याचे काम घेणार की भांडी घासण्याचे. मी भांडी निवडली. ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाच्या एका रुमानियन विद्यार्थ्याच्या शेजारी उभे राहून वाडगी विसळताना ज्या गप्पा झाल्या, त्या आमच्या बायबल अभ्यासाच्या गटातल्या चर्चेपेक्षा अधिक मोकळ्या होत्या. लोक ओढले जातात ते मला वाटते याचमुळे: बंधू कोणाला बोलावण्याच्या खटपटीत नसतात, ते फक्त ठरल्या वेळी प्रार्थना करतात आणि येणाऱ्याला बसायला जागा व करायला काम देतात. रात्रीच्या प्रार्थनेनंतर काही बंधू मंदिरातच थांबतात. ज्याला बोलायचे असेल त्याने जावे, ते ऐकून घेतात. शुक्रवारी क्रूस जमिनीवर आडवा ठेवला जातो आणि लोक रांगेने गुडघ्यांवर सरकत येऊन त्यावर कपाळ टेकवतात. माझी पाळी येईपर्यंत बराच वेळ गेला, पण उठून जावेसे वाटले नाही.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही बंधूंवरील जुन्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची माहिती समुदायाने २०१९ साली स्वतःच जाहीर केली होती. मुलांना पाठवण्यापूर्वी याविषयी तेथे निःसंकोच विचारणा करावी.

सोयींच्या अपेक्षेने येथे जाऊ नये. झोपायला बराकीतील दुमजली खाटा किंवा स्वतःचा तंबू. सकाळी पाव, लोणी आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. चहा कपात नव्हे, वाडग्यात. प्रत्येक जेवणाला एकच चमचा मिळतो आणि त्यानेच पावावर लोणीही पसरावे लागते. बायबलवरील विवेचन अनेक भाषांत अनुवादित होत जात असल्याने सावकाश चालते. मुख्य कार्यक्रम तरुणांसाठी आहे. वयाने मोठ्यांची व्यवस्था वेगळी असते, त्यामुळे त्यांनी नोंदणी करतानाच चौकशी करावी. जलदगती रेल्वेने माकाँपर्यंत येऊन पुढे बस मिळते. स्लीपिंग बॅग आणि टॉर्च सोबत न्यावा. जमिनीवर बसण्याचा सराव नसल्यास एक जाडसर आसनही न्यावे.