सुट्या भागांवर सूट

मला एका खोट्या संकेतस्थळावरून ज्यांनी फसवलं त्यांनी मला बंदूक विकलीच नव्हती. विकले होते बंदुकीचे सुटे भाग. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांनी हा फरक आधी नीट समजून घ्यावा, कारण सगळी हातचलाखी तिथेच चालते.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या लेखी एआर-१५ जातीच्या रायफलीत बंदूक म्हणजे एकच तुकडा: लोअर रिसीव्हर. तळहातावर मावेल एवढा ॲल्युमिनियमचा सांगाडा, अंगावर अनुक्रमांक कोरलेला. दुकानातून तो घ्यायचा तर ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरा, ओळखपत्र दाखवा, मग दुकानदार एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेकडे तुमची चौकशी करणार आणि तिकडून होकार आला की ताबा देणार. ऑनलाइन विकत घेतला तरी तो आधी तुमच्या गावातल्या परवानाधारक दुकानात येतो, घरी येत नाही. पण नळी, तिच्यावरचं हाताने धरायचं आवरण म्हणजे हँडगार्ड, काडतूस आत बसवणारा बोल्ट, खांद्याला टेकवायचा दस्ता या कशालाही टेक्सासमध्ये ही अट नाही. पुस्तकांचं पार्सल यावं तसं ते दारात येतं. त्यामुळे लोअर दुकानातून घ्यायचा, उरलेलं जिथे स्वस्त मिळेल तिथून गोळा करायचं आणि शनिवार-रविवारी घरच्या टेबलावर रायफल जुळवायची, हा इथल्या हजारो लोकांचा उद्योग आहे. कायदेशीर उद्योग आहे, हेही सांगून टाकते, कारण 'घरी बंदूक जुळवली' म्हटल्यावर पुण्यातल्या मावशीच्या डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी आलं होतं.

मला हलकी रायफल हवी होती. नवरा तेलाच्या कामावर, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. घर गावाबाहेर, शेजारचा दिवा दिसतो पण हाक पोचत नाही, आणि रात्री ९११ फिरवला तर शेरीफची गाडी यायला किती वेळ लागतो ते आम्ही एकदा अनुभवलं आहे. दुकानातली साधी एआर रिकामी तीन किलोंच्या आसपास भरते. त्यावर टॉर्च, नेमासाठी लाल ठिपका दाखवणारा रेड डॉट आणि भरलेलं मॅगझिन चढवलं की चार किलोंच्या जवळ जाते. माझी उंची पाच फूट एक इंच. एवढं वजन खांद्याला लावून, एका हाताने दार उघडत, दुसऱ्या खोलीतल्या मुलापर्यंत जायचं म्हटलं की पुढचं टोक खाली झुकायला लागतं. बरंचसं वजन नळीत आणि हँडगार्डमध्ये, म्हणजे हातापासून लांब. बारीक नळी, कार्बन फायबरचा हँडगार्ड आणि हलका दस्ता घेतला तर रिकामी रायफल सव्वादोन-अडीच किलोंत बसते. धक्का थोडा वाढतो, पण एवढ्या लहान काडतुसाचा धक्का मुळात कमीच.

माझे वडील साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. व्हिडिओ कॉलवर त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमची एसएलआर रायफल चार किलोंच्या वर होती, ती घेऊन आम्ही डोंगर चढलो. आणि तुला घरातल्या घरात जड होते होय?" मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या कडेवर पोरगं नव्हतं." त्यावर ते हसले आणि कुलपाबंद ठेवशील ना, एवढंच विचारलं. ठेवते. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. पण गुन्हा नसता तरी मी कुलपातच ठेवली असती.

लोअर मी गावातल्याच दुकानातून घेतला. ग्रीन कार्डचा नंबर, पत्त्याचा पुरावा, सगळं रीतसर. दुकानदार म्हणाला, "तयार हलकी रायफल मिळते, कशाला खटाटोप?" पण तिची किंमत ऐकून मी सुटे भाग शोधायला लागले. तो लोअर तेवढा आधी आला होता म्हणून खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढे कात्री, स्टेथोस्कोप आणि नवऱ्याचा टॉर्क रेंच यांच्या रांगेत तोही हळदकुंकू लावून ठेवला.

आता ते संकेतस्थळ. नाव लिहीत नाही, कारण ते नाव आणि पत्ता दुसऱ्याच एका राज्यातल्या खऱ्या, जुन्या दुकानाचा होता. चोरांनी तो उचलला होता. लोकांना वाटतं की फसवी दुकानं ऐंशी टक्के सूट देतात आणि हावरट माणूस अडकतो. इथे सूट जेमतेम तीस टक्के होती. बाजारात अधूनमधून मिळते तेवढीच. काही वस्तूंपुढे 'साठा संपला' लिहिलेलं. एका नळीखाली तर तक्रार होती की पार्सल चार दिवस उशिरा आलं. ती तक्रारही त्यांनीच लिहिलेली असणार, हे आता कळतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा कडकपणा. पानावर शिरताना वयाची अट. लोअर घेणाऱ्यांसाठी सूचना: तुमच्या दुकानदाराच्या परवान्याची प्रत आधी आम्हाला पाठवा, त्याशिवाय माल निघणार नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कला काय पाठवत नाही याची लांबलचक यादी. तळाशी त्यांच्या स्वतःच्या परवान्याची प्रत. चॅटवरच्या माणसाला मी मुद्दाम विचारलं की सोळा इंचांपेक्षा छोटी नळी लावली तर चालेल का. त्याने लगेच बजावलं, "दस्ता असलेल्या रायफलीला चालणार नाही बाई, १९३४च्या कायद्याखाली आधी नोंदणी करावी लागते." उत्तर अचूक होतं. कायदा इतका चोख पाळायला सांगणारा माणूस चोर असेल असं कोणाला वाटेल? बंदुकीच्या व्यवहारात आपण सगळे सरकारला घाबरून असतो, आणि तीच भीती समोरच्याच्याही डोळ्यांत दिसली की तो आपल्यातला वाटतो. हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

पहिली खरेदी छोटी होती, रेड डॉट बसवायचा माउंट, क्रेडिट कार्डावर. मग नळी, बोल्ट कॅरियर, हँडगार्ड आणि दस्ता अशी मोठी ऑर्डर दिली, तेव्हा कार्ड चालेना. चॅटवर उत्तर आलं की बँकेने आमचं कार्डयंत्र बंद केलंय, बंदुकीच्या धंद्याला या कंपन्या असंच छळतात, तुम्ही झेलने (बँकखात्यातून थेट पैसे पाठवायच्या सोयीने) पाठवा, पाच टक्के आणखी सूट देतो. ही सबब नुसती थाप असती तर मला कळली असती. पण तिच्यात अर्धं सत्य आहे. पेपालच्या नियमांत बंदुका आणि त्यांच्या काही भागांना खरंच मनाई आहे, आणि पैसे वळते करणाऱ्या आणखीही कंपन्या हा धंदा घेत नाहीत. इथला प्रत्येक छोटा प्रामाणिक दुकानदार याबद्दल कुरकुरतो. चोरांनी तीच कुरकुर उसनी घेतली. झेलवर नाव एका बाईचं आलं. "आमची हिशेबनीस," म्हणाले. साडेआठशे डॉलर गेले.

दोन दिवसांनी पोस्टाचा ट्रॅकिंग नंबर आला. खरा नंबर, पोस्टाच्या पानावर दिसणारा. पार्सल निघालं, ह्यूस्टनला पोचलं, आणि एका दुपारी आमच्याच पिनकोडात 'घरी दिलं' अशी नोंद. दारात काही नाही. पोस्टातल्या बाईंनी नंबर तपासून सांगितलं की पार्सल दिलंय हे खरं, पण तुमच्या पत्त्यावर नाही, आणि वजन म्हणाल तर पाकिटाएवढं. म्हणजे आमच्या भागातल्या कुणाला तरी त्यांनी हलकं पाकीट पाठवलं आणि त्याचा नंबर मला चिकटवला. तक्रार झाली तर दाखवायला पुरावा तयार! पोस्टाच्या पानावर गाव आणि पिनकोड दिसतो, घर नंबर दिसत नाही, यावर ही युक्ती उभी आहे. पोस्टात स्वतः जाऊन विचारल्याशिवाय ती उघडी पडत नाही.

मी चॅटवर विचारलं तर म्हणाले पार्सल परत आलंय, पुन्हा पाठवायला विम्याचे दोनशे डॉलर भरा, ते नंतर परत मिळतील. 'परत मिळणारा विमा' हे शब्द आले की तिथेच थांबावं. मी थांबले, आणि पैसे परत द्या नाहीतर तक्रार करते असं लिहिलं.

मग फोन आला. पडद्यावर एटीएफ, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचा नंबर. माणूस गंभीर आवाजात म्हणाला की ज्या दुकानातून तुम्ही माल घेतला त्यावर छापा पडलाय, तुमच्या ऑर्डरीत बेकायदा भाग आहेत, तुमचा स्थलांतराचा दर्जा धोक्यात येईल, अटक टाळायची तर अडीच हजार डॉलरचा जामीन बिटकॉइनच्या मशीनवर भरा. त्याला माझी ऑर्डर तोंडपाठ होती. असणारच, विकणारा तोच. माझा हात थरथरत होता हे खरं, कारण ग्रीन कार्डचं नाव काढलं की आपल्यापैकी कुणाचंही डोकं चालेनासं होतं. पण महिनाभर आधीच नाशिकच्या चुलतसासऱ्यांना 'डिजिटल अरेस्ट' म्हणून दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं होतं, ते घरात सगळ्यांनी चघळलं होतं. तोच साचा, फक्त सीबीआयच्या जागी एटीएफ. मी म्हटलं, माझ्या वकिलाशी बोला. फोन बंद झाला. कुठलंही सरकारी खातं फोनवर दंड मागत नाही आणि बिटकॉइनमध्ये तर नाहीच, इथलंही नाही, तिकडचंही नाही.

बँकेने हात वर केले. तुम्ही स्वतः बटण दाबून पाठवलेत ना, मग ही चोरी नव्हे. कुणी माझ्या नकळत खात्यातून पैसे काढले असते तर कायद्याने भरपाई मिळाली असती. स्वतः पाठवलेल्या पैशाला ते संरक्षण नाही. क्रेडिट कार्डावरच्या माउंटचे पैसे मात्र परत आले. १९७४च्या कायद्याप्रमाणे न मिळालेल्या मालाचं बिल, ते पाठवल्यापासून साठ दिवसांच्या आत लेखी हरकत घेऊन अडवता येतं. एकच विक्रेता, एकच खोटेपणा, आणि एका वाटेने गेलेले पैसे आले, दुसऱ्या वाटेने गेलेले गेले. म्हणून जो विक्रेता कार्ड घेत नाही त्याची कारणं कितीही खरी असोत, आपण त्याच्याकडून घ्यायचं नाही. प्रामाणिक माणसाचंही थोडं नुकसान होईल. होऊ दे.

तपासाबद्दल एक गोष्ट, जी मला नंतर कळली आणि जिच्यावर बरेच जण विसंबतात. एटीएफची एफएफएल ईझी चेक नावाची सोय आहे; एफएफएल म्हणजे बंदूकविक्रीचा केंद्रीय परवाना. परवान्याचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की परवाना चालू आहे का ते दिसतं. मी त्या पानावरच्या प्रतीतले आकडे टाकले. परवाना अस्सल, चालू, पत्ताही तोच! कारण प्रत खऱ्या दुकानाची होती. त्या दुकानाचा फोन नंबर मी वेगळीकडून शोधून काढला आणि फोन केला. मालक बिचारा कंटाळलेला. "आम्ही ऑनलाइन काही विकतच नाही," म्हणाला, "तुमच्यासारखे फोन रोज येतात." परवाना खरा आहे एवढ्यावर थांबू नका. त्या पत्त्यावरच्या माणसाशी, त्या पानावर न दिलेल्या नंबरावर बोला. आणि संकेतस्थळांच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या पानावर संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी कधी झाली ते बघा. 'तीस वर्षांची परंपरा' सांगणाऱ्या या दुकानाचं नाव त्याच उन्हाळ्यात नोंदवलेलं होतं.

एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ वर असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं लिहिते, कारण मंडळाच्या गणपतीत एका मुलाने हळूच बाजूला घेऊन विचारलं, "ताई, सुटे भाग तर कुणीही घेऊ शकतं ना?" बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्याला बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नयेत. भाग सुटे असोत, जोडले की ती बंदूकच. या चोरांना तुमच्यासारखं गिऱ्हाईक सोन्यासारखं, कारण फसलात तरी तुम्ही तोंड उघडणार नाही. त्या मुलाचेही पैसे गेलेले होते. त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तक्रार एफबीआयच्या आयसी-३ या सायबर गुन्ह्यांच्या पानावर आणि एफटीसी या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय खात्याकडे करायची. ट्रॅकिंगचा खेळ झाला असेल तर पोस्टाच्या तपास खात्याकडेही. जितक्या लवकर तितकं बरं, पैसे वाटेत अडवता आले तर पहिल्या एक-दोन दिवसांतच येतात. भारतातून कुणी असं फसलं तर १९३० हा नंबर आहे. तक्रारीनंतर 'मी हॅकर आहे, तुमचे पैसे काढून देतो' असा संदेश मला आला, तसा तुम्हालाही येईल. तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भावकीतला.

रायफल शेवटी गावातल्या दुकानदाराकडून तयारच घेतली. अडीच किलोंपेक्षा थोडी जास्त भरते. दुकानदाराने जुना लोअर विकत घ्यायची तयारी दाखवली, पण तो मी दिला नाही. नळी मिळाली तर जोडीन, या वेळी काउंटरवर पैसे मोजून.